जीपचं इंजिन बांधून झालं, पण घाटात ओढत नाही: टायमिंगचा दात खरंच चुकलाय का, हे कव्हर खोलण्याआधी ओळखा

लक्षणं

इंजिनाचं फुल काम झालेलं आहे. बोअर करून नवे पिस्टन आणि रिंगा घातल्यात, बेअरिंगं बदललीत, व्हॉल्व्ह घासून बसवलेत. सेल्फ मारला की इंजिन चालू होतं, आयडलला बऱ्यापैकी उभंही राहतं. पण गाडी साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटाला लावली की दम धरत नाही. अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर उचलण्याऐवजी कार्बोरेटरमधून फट्‌ असा आवाज येतो. पाणी लवकर तापतं. एक्झॉस्टचा पुढचा पाइप अंधारात लालसर दिसतो. इंजिन चालू करायचं हँडल मारायला गेलं तर उलटा फटका बसतो. पेट्रोल जास्त जातं.

अशी जीप दारात येते तेव्हा मालक बहुतेक वेळा निदान ऐकूनच आलेला असतो: ‘कॅमचा दात चुकलाय, पुढचं कव्हर खोला.’ कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट. त्याचा गिअर क्रँकच्या गिअरशी एक दात पुढे-मागे बसला की व्हॉल्व्ह चुकीच्या वेळी उघडतात, आणि हे गिअर पुढच्या कव्हरमागे असतात. या इंजिनाचं काम मी पुन्हा पुन्हा केलंय आणि माझं म्हणणं ठाम आहे. कव्हर सगळ्यात शेवटी खोलायचं. हीच लक्षणं दाखवणारे चार-पाच दोष बाहेरच्या बाहेर सापडतात, फुकटात किंवा एका गॅस्केटच्या खर्चात. आणि दात खरोखर चुकला असेल तर तेही रेडिएटर न उतरवता सिद्ध करता येतं.

पहिला प्रश्न मालकाला विचारायचा: हे कधीपासून होतंय? इंजिन बांधल्यावर पहिल्यांदा चालू केलं तेव्हापासून असेल तरच गिअरांवरच्या जुळवायच्या खुणा चुकल्याचा संशय घ्यायचा. गिअर आपोआप एक दात सरकत नाही. सहा महिने गाडी छान चालली आणि मग अचानक बिघडली, तर कारण वेगळं असतं: गिअर शाफ्टला पक्का धरणारी चावी कापली गेली, फायबर गिअरचे दात गेले, नाहीतर साधा पॉइंटचा (करंट तोडून ठिणगी पाडणाऱ्या संपर्काचा) गॅप बंद झाला. चालता चालता इंजिन एकदम बंद पडलं, सेल्फ मारल्यावर नेहमीपेक्षा हलकं आणि सलग फिरतंय, तर डेल्कोचं (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाचं) झाकण काढून आतला रोटर फिरतोय का बघा. इंजिन फिरतं आणि रोटर जागचा हलत नाही, तर बहुधा कॅम गिअरचे दात गेलेत. तिथे सेल्फ मारणं थांबवा.

कोणत्या इंजिनाबद्दल बोलतोय

महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलिस जीप जोडायला सुरुवात केली. त्या घराण्यातलं एफ-हेड, म्हणजे हरिकेन नावाचं चार सिलिंडरचं २१९९ सीसीचं पेट्रोल इंजिन इथे धरलंय. सीजे-३बीचं बॉनेट उंच दिसतं ते या इंजिनाच्या उंचीमुळेच. सातारा, मेढा, पाटण या पट्ट्यात एकेकाळी वडापला (शेअर प्रवासी वाहतुकीला) चालणाऱ्या जीपा अजून कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या पडवीत उभ्या आहेत आणि आता हौसेने पुन्हा उभ्या केल्या जातायत. अनेकांमध्ये मधल्या काळात डिझेल इंजिन बसलं, त्यांचा इथे संबंध नाही.

या इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असतात, पुश रॉड आणि रॉकरने चालतात. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असतात. दोन्ही एकाच कॅमशाफ्टवर. क्रँकचा गिअर स्टीलचा, कॅमचा फायबरचा, आणि क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी होते. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पडण्याचा क्रम, १-३-४-२.

आता डेल्को, म्हणजे डिस्ट्रिब्युटर. त्याला स्वतःचा गिअर नाही. कॅमशाफ्ट ऑइल पंपाला फिरवतो आणि पंपाच्या शाफ्टवरच्या खाचेत डेल्कोची जीभ बसते. त्यामुळे ऑइल पंप काढून परत बसवला की इग्निशनचं टायमिंग हललं. इंजिनाच्या कामात पंप निघतोच. पुढचा अर्धा घोळ याच एका गोष्टीतून होतो.

लष्करी काळातल्या सुरुवातीच्या फ्लॅट-हेड इंजिनात गिअरऐवजी चेन होती. चेनमध्ये कॅम क्रँकच्याच दिशेने फिरतो, गिअरमध्ये उलट दिशेने. त्यामुळे त्या दोन प्रकारांचे कॅमशाफ्ट आणि ऑइल पंप एकमेकांत चालत नाहीत. भंगारातून जुना कॅमशाफ्ट आणला असेल तर आधी हे तपासा, पुढचं वाचण्यात अर्थ नाही.

हात घालण्याआधी

हँडब्रेक, चाकाला दगड, गिअर न्यूट्रल. हँडलने इंजिन फिरवताना कॉइलची मधली वायर काढून ठेवा. हँडल नेहमी खालून वर ओढायचं आणि अंगठा मुठीभोवती न गुंडाळता बोटांच्याच बाजूला ठेवायचा. टायमिंग चुकलेलं इंजिन उलटा फटका देतं आणि त्यात मनगट मोडतं. कार्बोरेटरमधून फटके येत असतील तर एअर क्लीनर काढून वरून पेट्रोल ओतण्याचा प्रकार करू नका. त्या फटक्याबरोबर आग बाहेर येते आणि कार्बोरेटर पेटतो.

फुकटातली तपासणी: वायरी, रोटर, पॉइंट

डेल्कोचं झाकण काढा आणि कुणाला तरी हँडल फिरवायला सांगा. रोटर वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. वायरी त्याच दिशेने १-३-४-२ अशा लागल्या पाहिजेत. दुसऱ्या इंजिनांवर हात बसलेले मिस्त्री सवयीने त्या घड्याळाच्या दिशेने लावतात. मग १ आणि ४ जागेवर येतात, ३ आणि २ उलटे. इंजिन दोन सिलिंडरवर चालतं आणि कार्बोरेटरमधून फटके मारतं. हे दुरुस्त करायला दोन मिनिटं लागतात.

रोटर बोटाने फिरायच्या दिशेने थोडा पिळून सोडा. तो स्प्रिंगने मागे आला पाहिजे. आला नाही तर आतली वजनं गंजून अडकलीत, म्हणजे वेग वाढेल तसं इग्निशन पुढे सरकत नाही. आयडलला इंजिन चांगलं, चढाला मेलेलं: लक्षण हुबेहूब तेच. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत हे फार वेळा सापडतं. रॉकेलने धुऊन, तेलाचा थेंब देऊन वजनं मोकळी होतात.

पॉइंटचा गॅप ०.०२० इंच, म्हणजे ०.५१ मिमी. फिलर गेजनेच घ्या, अंदाजाने नको. गॅप जास्त झाला की पॉइंट लवकर उघडतो, कमी झाला की उशिरा. म्हणजे गॅप बदलला की टायमिंग बदललंच. म्हणून गॅप आधी आणि टायमिंग नंतर, हा क्रम उलटा करायचा नाही. प्लगचा गॅप ०.०३० इंच, म्हणजे ०.७६ मिमी.

इग्निशन खरंच ५ अंशावर आहे का

एक नंबरचा प्लग काढा, भोकावर अंगठा दाबा, हँडल हळू फिरवा. हवा अंगठा ढकलू लागली की तो कॉम्प्रेशनचा स्ट्रोक. आता पुलीवरची खाच कव्हरवरच्या टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असण्याच्या जागेच्या) खुणेच्या अलीकडे ५ अंशावर आणा. काही इंजिनांत ही खूण फ्लायव्हीलवर असते आणि बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) खिडकीतून दिसते. या जागी रोटर एक नंबरच्या वायरीकडे बघत असला पाहिजे आणि पॉइंट नुकता उघडत असला पाहिजे.

पॉइंट उघडला हे डोळ्याने ठरवू नका. कॉइलच्या डेल्कोकडच्या टोकाला आणि बॉडीला एक बल्ब जोडा. जुनी ६ व्होल्टची वायरिंग असेल तर ६ चा, बदलली असेल तर १२ चा. इग्निशन चालू करा, कॉइलची मधली वायर काढलेलीच ठेवा. डेल्कोची बॉडी हळू फिरवा. पॉइंट उघडतो त्या क्षणी बल्ब लागतो. तिथे बोल्ट आवळा.

इथे एका सापळ्याबद्दल सांगायलाच हवं. पुष्कळ ठिकाणी डेल्को कानाने लावतात: फिरवत राहायचं, इंजिन जिथे जोरात चाललं तिथे आवळायचं. कॅम एक दात मागे असेल तर डेल्को बराच पुढे ओढला की इंजिन ‘बरं’ वाटतं. रोग झाकला जातो. मग तीच गाडी भरून घाटाला लागते, पिस्टनवर ठोका बसायला लागतो, नवे पिस्टन आणि बेअरिंग पुन्हा खराब होतात. कानाने लावलेलं टायमिंग खुणेवर किती अंश येतं हे एकदा बघा. ५ अंशाच्या आसपास गाडी मरते आणि १५-२० वर नेली तरच ओढते, तर ही खूण तरी खोटी आहे किंवा कॅम तरी चुकलाय. ते पुढे वेगळं करू.

पुलीची खूण खोटी असू शकते हे नेहमी डोक्यात ठेवा. दुसऱ्या गाडीची पुली, दुसऱ्या इंजिनाचं टायमिंग कव्हर, असा जुगाड जुन्या जीपमध्ये सर्रास असतो.

टॅपेट

टॅपेटचा गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह बंद असताना त्याला उघडणाऱ्या भागात ठेवायची फट: इनलेट ०.०१८ इंच, एक्झॉस्ट ०.०१६ इंच, इंजिन थंड असताना. वरचे इनलेट सगळेच लावतात, कारण रॉकर कव्हर काढलं की ते समोर दिसतात. बाजूच्या झाकणामागचे एक्झॉस्टचे टॅपेट मात्र मॅनिफोल्डच्या अडचणीत असतात, हात पोळतो, पाना नीट फिरत नाही, म्हणून ते राहून जातात. ते राहू देऊ नका. टॅपेट घट्ट असला की व्हॉल्व्ह लवकर उघडतो आणि उशिरा बंद होतो. ढिला असला की उलट. म्हणजे टॅपेट चुकीचे असताना व्हॉल्व्ह टायमिंगबद्दल काहीही ठरवता येत नाही. पुढच्या सगळ्या तपासण्या टॅपेट लावूनच करायच्या.

कॉम्प्रेशन आणि व्हॅक्यूम

गेज स्वतःकडे नसेल तर ओळखीच्या गॅरेजमधून तासाभरासाठी मिळतं. चारही प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी चांगली चार्ज असू द्या.

आकड्यापेक्षा चारांचा आपापसातला मेळ बघा. एकच सिलिंडर कमी असेल तर तो व्हॉल्व्हचा किंवा रिंगेचा प्रश्न. शेजारचे दोन कमी असतील तर हेड गॅस्केट. चारही सारखेच आणि सारखेच कमी, शिवाय बोअर-रिंगा नव्या: इथे कॅमवर संशय पक्का होतो. कॅम मागे पडला की इनलेट व्हॉल्व्ह फार उशिरा बंद होतो, पिस्टन वर निघालेला असताना भरलेली हवा परत कार्बोरेटरकडे ढकलली जाते. तेच फटके, तीच मरगळ. उलट कॅम पुढे गेला असेल तर सेल्फवरचं कॉम्प्रेशन चांगलं दिसू शकतं, म्हणून चांगल्या कॉम्प्रेशनवरून कॅम बरोबर आहे असं समजू नका.

व्हॅक्यूम गेज मॅनिफोल्डला लावून आयडलला काटा पाहा. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन पाऱ्याचे १७ ते २१ इंच दाखवतं. सातारा साधारण ७०० मीटरवर आहे, त्यामुळे इथे दोन-अडीच इंच कमीच येणार, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. काटा स्थिर आहे पण १०-१२ च्या आसपास पडलाय, तर व्हॉल्व्ह टायमिंग मागे आहे किंवा मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा ओढली जातेय. कार्बोरेटरच्या बुडाशी आणि मॅनिफोल्डच्या जोडावर थोडं तेल सोडून बघा. तिथे इंजिनाचा आवाज बदलला तर गळती सापडली.

ऑइल पंपाची खाच

डेल्कोची बॉडी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली तरी ५ अंश जुळत नाही, किंवा रोटर दोन वायरींच्या मध्येच कुठेतरी बघतो, तर ऑइल पंप चुकीच्या दाताला बसलाय. कॅमचा काही दोष नाही.

डेल्को उपसून काढा आणि भोकात टॉर्च मारा. खाच पंपाच्या शाफ्टच्या मध्यावर नसते, एका अंगाला सरकलेली असते. त्यामुळे डेल्को एकाच बाजूने बसतो. पण पंप स्वतः कुठल्याही दातावर बसू शकतो. एक नंबर कॉम्प्रेशनच्या ५ अंशावर ठेवा, पंप बाहेर काढा, एक दात फिरवून परत घाला. दात तिरके असल्यामुळे पंप आत सरकताना शाफ्ट थोडा फिरतो. म्हणून घालताना खाच जिथे यायला हवी त्याच्या थोडी अलीकडे धरावी लागते. दोन-तीनदा करून बघितल्यावर हात बसतो.

पंप कोरडा बसवू नका. आत तेल भरून बसवा. नंतर कॉइलची वायर काढून, ऑइल प्रेशरचा काटा हलेपर्यंत सेल्फ मारा, मगच इंजिन चालू करा. नव्या बेअरिंगांचं आयुष्य या एका मिनिटावर ठरतं.

कव्हर न खोलता कॅम तपासणे

सगळ्या लेखात ही तपासणी सगळ्यात महत्त्वाची. १ आणि ४ नंबरचे पिस्टन एकत्र वर येतात. १ कॉम्प्रेशनवर असतो तेव्हा ४ एक्झॉस्ट संपवून इनलेट सुरू करत असतो. त्या क्षणी ४ चे दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे असतात. या इंजिनात इनलेट टीडीसीच्या ९ अंश आधी उघडतो आणि एक्झॉस्ट टीडीसीनंतर १२ अंशांनी बंद होतो. म्हणजे बरोबर टीडीसीला दोघेही थोडे थोडे, जवळपास सारखे उघडे असायला हवेत.

रॉकर कव्हर आणि बाजूचं टॅपेटचं झाकण, दोन्ही काढा. एक नंबर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर आणा. आता ४ नंबरकडे बघा. इंजिन दोन्ही बाजूंना जरा जरा फिरवलं की एक व्हॉल्व्ह बसतो आणि दुसरा उठतो. ही अदलाबदल टीडीसीच्या आसपास होत असेल तर कॅम जागेवर आहे. कव्हर खोलू नका.

एक दात चुकला की किती फरक पडतो ते हिशोबाने कळतं. ७२० ला कॅम गिअरच्या दातांनी भागा. ४० दात असतील तर एक दात म्हणजे क्रँकचे १८ अंश. एवढा फरक डोळ्याला लपत नाही. कॅम एक दात मागे असेल तर टीडीसीला ४ चा इनलेट पूर्ण बंद आणि एक्झॉस्ट चांगलाच उघडा दिसेल. कॅम पुढे असेल तर उलट: एक्झॉस्ट बसलेला, इनलेट चांगला उठलेला.

अंश मोजायला चकती विकत आणायची गरज नाही. कागदाची पट्टी पुलीभोवती गुंडाळून घेर मोजा आणि ३६० ने भागा. १५० मिमी व्यासाच्या पुलीचा घेर ४७१ मिमी, म्हणजे एक अंश १.३ मिमी. पट्टीवर खुणा करून चिकटवा.

इथे इंजिन नेहमी चालायच्या दिशेनेच शेवटचं फिरवायचं. गिअरमध्ये थोडी ढील असते. मागे-पुढे करून उलट्या दिशेने खुणेवर थांबलात तर तेवढे अंश खोटे येतात.

पुलीच्या खुणेबद्दल शंका होती, ती इथे सुटते. गाडी नीट ओढते तिथे कानाने लावलेलं इग्निशन आणि व्हॉल्व्ह दोन्ही खुणेपासून एकाच बाजूला, सारख्याच अंशांनी सरकलेले दिसत असतील तर बहुधा खूण खोटी आहे, इंजिन नाही.

आता कव्हर

वरच्या तपासणीत कॅम चुकलेला ठरला तरच. पाणी सोडा, रेडिएटर, पंखा, बेल्ट, मग क्रँकचा नट आणि पुली. पुली पुलरनेच काढायची. कडेला ठोकून काढली की वाकते आणि मग तेलाच्या सीलपाशी कायमची गळती लागते.

क्रँक फिरवून दोन्ही गिअरवरच्या खुणा समोरासमोर आणा. एका फेरीत आल्या नाहीत तर अजून एक फेरी द्या. दोन्ही खुणा क्रँक आणि कॅमच्या मध्यबिंदूंना जोडणाऱ्या रेषेवर, एकमेकींना भिडलेल्या हव्यात. पट्टी धरून बघा. गिअरच्या तोंडावर कधी कधी जुन्या मिस्त्रींनी मारलेले पंचही असतात. कुठली खूण कारखान्यातली आणि कुठली नंतरची, हे दोन्ही गिअर धुऊन, पुसून उजेडात ठरवा.

खुणा जुळल्या म्हणजे एक नंबर फायरिंगवर आहे असं धरून डेल्को बसवू नका. दोन फेऱ्यांतली कुठली, हे अंगठ्यानेच कळतं.

खुणा बरोबर जुळतायत आणि तरीही कॅमची तपासणी चुकीची येत होती, असंही होतं. त्यावेळी चावी बघा. अर्धवट कापलेल्या चावीने गिअर थोडा फिरून बसतो. मग फायबर गिअरचा मधला हब ढिला झालाय का हाताने पिळून बघा. आणि बाजारातून घेतलेला नवा गिअर असेल तर जुन्यावर ठेवून चावीची खाच आणि खूण यांच्यामधले दात मोजा. दातांचा हिशोब जुळला नाही तर नव्या गिअरवरची खूण निकामी समजा.

अशा गिअरसाठी, किंवा अजिबात खूण नसलेल्या गिअरसाठी, हेड बसवण्याआधीच काम करून घेणं सोपं. डायल गेज पिस्टनवर लावा. टीडीसीपाशी पिस्टन काही अंश जवळजवळ हलत नाही, त्यामुळे ‘सगळ्यात वर’ ही जागा नेमकी सापडत नाही. पिस्टन टीडीसीआधी ठराविक खोलीवर असताना पट्टीवर एक खूण करा, टीडीसीनंतर तेवढ्याच खोलीवर दुसरी. दोन्हींचा मध्य म्हणजे खरी टीडीसी. पुलीची खूण खोटी असेल तर ती याच वेळी नव्याने कोरा. मग हेड आणि रॉकर चढवा, एक नंबरचा इनलेट ९ अंश आधी उघडेल असा सगळ्यात जवळचा दात निवडा. (मॅन्युअलमध्ये या तपासणीसाठी चालू गॅपपेक्षा वेगळा टॅपेट गॅप दिलेला असतो, तो वापरा आणि नंतर परत ०.०१८ करा.) दात ठरला की स्टीलच्या गिअरवर बारीक पंच मारा. फायबरवर पंच मारू नका, हबवर कोरा किंवा रंगाने खूण करा.

परत जोडताना दात नेमका कसा चुकतो हे माहीत असलं तर तो चुकत नाही. हे गिअर तिरक्या दातांचे आहेत. कॅमचा गिअर आत सरकतो तसा थोडा फिरतो. शिवाय व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला ढकलत असतात, तो हातातून सटकतो. म्हणून वरचे रॉकर ढिले करून ठेवा. फुल कामात तर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा चढवण्याआधीच गिअर जुळवून घ्यावेत. गिअर पूर्ण बसल्यावर खुणा पुन्हा बघा. कॅमला मागच्या बाजूला ठोकून ढकलू नका. मागच्या टोकाचं टोपण निसटलं तर तेल बेल हाउसिंगमध्ये उतरतं, आणि ते कळेपर्यंत क्लच भिजलेला असतो.

क्रँकचा गिअर काढावा लागला तर त्यामागच्या पातळ शिमा जशा होत्या तशाच परत गेल्या पाहिजेत. क्रँकची पुढे-मागे ढील त्यांच्यावर ठरते. गिअरवर तेल फेकणारा छोटा जेट तारेने साफ करा. तो बुजलेला राहिला तर नवा फायबर गिअरही फार दिवस टिकत नाही.

कव्हर चढवण्याआधी इंजिन हाताने सावकाश फिरवा. क्रँकच्या दर दोन फेऱ्यांनी खुणा परत समोरासमोर आल्या पाहिजेत. कुठेही कडक अडलं तर जोर न लावता थांबा आणि कारण शोधा.

इथे थांबा आणि जाणत्याला बोलवा

क्रँकवरची किंवा कॅमवरची चावीची खाच रुंद झालेली दिसली तर नवी चावी ठोकून बसवू नका, वेल्डिंगचा विचारही नको. शाफ्ट काढून क्रँकचं काम करणाऱ्या चांगल्या वर्कशॉपला दाखवा. सातारा एमआयडीसीत अशी कामं होतात.

फायबर गिअरचे दात तुटलेले असतील तर नुसता गिअर बदलून भागत नाही. चुरा ऑइल पॅनमध्ये आणि पंपाच्या जाळीत गेलेला असतो. पॅन उतरवून सगळं साफ झाल्याशिवाय इंजिन चालू करू नका. इंजिन उतरवायची सोय आणि सवय नसेल तर ते काम मिस्त्रीवर सोडा.

कॅम पुढे-मागे हाताला जाणवेल इतका हलतोय, ऑइल प्रेशर गरम झाल्यावर पडतंय, पुश रॉड वाकलाय, किंवा एकाच सिलिंडरचं कॉम्प्रेशन नाही: यातलं काहीही टायमिंग जुळवून सुटणार नाही. डायल गेज वापरायची सवय नसेल आणि गिअर बिनखुणेचा असेल, तर तिथेही अंदाज करू नका. जुन्या पेट्रोल इंजिनांवर हात बसलेला मिस्त्री बोलवा आणि त्याला टॅपेट, कॉम्प्रेशन, ४ नंबरच्या व्हॉल्व्हची जागा, हे तुम्ही लिहून ठेवलेले आकडे दाखवा. त्याचा अर्धा दिवस आणि तुमचे तेवढे पैसे वाचतात.

आणि काम दुसऱ्याकडे दिलं असेल तर एक गोष्ट मागून घ्या: कव्हर बंद करण्याआधी जुळलेल्या खुणांचा मोबाइलवर फोटो, दोन्ही गिअर पूर्ण दिसतील असा. पुढच्या वेळी गाडीने दम सोडला तर कव्हरला हात न लावता तुम्ही थेट डेल्कोपासून सुरुवात करू शकता.